चौकटी पांढऱ्या करताना

मलकपेठच्या घराच्या चौकटी रंगवायचं ठरलं तेव्हा वडिलांना समोरचं दिसत होतं, बाजूचं दिसत नव्हतं. काचबिंदू. थेंब चालू होते. थेंबांनी उरलेली नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि वडिलांनी ते तिथल्या तिथे मान्य केलं. त्यांनी एकट्यानं राहू नये, हे मात्र त्यांनी मान्य केलं नाही.

आई गेल्यापासून ते एकटेच राहत. घर रेसकोर्सच्या मागच्या गल्लीतलं, बैठं. वडील परभणीकडच्या शेतकरी कुटुंबातले. शिकायला हैदराबादला आले, जामबागेत वसतिगृहात राहिले, सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला लागले आणि मलकपेठला घर बांधलं. गावाकडे आता त्यांचं काही उरलेलं नव्हतं. सकाळी एक बाई स्वयंपाक करून जात. मी सिकंदराबादला तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, आणि वर्तमानपत्राच्या कामामुळे घराला बहुतेक वेळ कुलूप असतं. सुट्टीच्या दिवशी मी मलकपेठला जात असे.

थोरली बहीण पुण्यात. उन्हाळ्यात ती आली तेव्हा वडिलांच्या कपाळावर टेंगूळ होतं.

"नाना, हे काय?"

"कुठं काय?"

"कपाळावर."

"चौकट लागली."

"चौकट लागली, का तुम्ही चौकटीला लागलात?"

"तिला विचार. ती आपल्या जागी उभी होती."

बहीण हसली नाही. तिनं दोन दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मधल्या बोळातून जाताना ते दोनदा खांद्यानं आणि एकदा कपाळानं चौकटीवर आपटले. निघायच्या दिवशी तिनं चहाच्या वेळी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"मी दिवाळीला येणार आहे," ती म्हणाली. "तोपर्यंत काय करायचं ते करा. मी आले की नुसती बघणार. कुणाला न विचारता आणि कुठं न धडकता नाना घरात फिरले, तर इथंच राहतील. पुन्हा मी विषय काढणार नाही. नाहीतर परत जाताना दोन तिकिटं."

"माझं खिडकीचं काढू नको," वडील म्हणाले. "वाया जाईल."

डोळ्यांच्या दवाखान्यात कमी दिसणाऱ्यांना घरात कसं वावरायचं ते शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आधी घराची माहिती विचारली. दारांचा रंग कोणता? भिंतींचा कोणता? बोळात उजेड कुठून येतो? भिंती पांढऱ्या, चौकटी गडद तपकिरी, बोळाला खिडकी नाही, असं सांगितल्यावर त्यांनी कागदावर एक दार काढलं. चौकट गडद, दारातून दिसणारी पलीकडची खोली अंधारी. यांच्या डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. म्हणून दार आहे त्यापेक्षा रुंद वाटतं, आणि वाट समजून हे लाकडावर जातात. चौकटी भिंतीसारख्या पांढऱ्या करा, त्या म्हणाल्या. मग अंधार आहे तेवढीच वाट, हे यांना कळेल.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना एवढंच विचारलं, "पांढराच म्हणाल्या ना?"

त्या चौकटी त्यांच्या होत्या. घर बांधताना आदिलाबादकडचं सागवान त्यांनी स्वतः जाऊन निवडलं होतं. सुताराकडून चौकटींच्या कडेला गोलाईच्या पट्ट्या मारून घेतल्या होत्या. व्हार्निश मात्र कुणाला करू दिलं नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या डब्यांच्या लाकडाला पॉलिश कसं करतात, ते त्यांनी नोकरीतल्या दुपारच्या सुट्ट्यांमध्ये उभं राहून पाहिलं होतं. पाऊस सरला की दसऱ्याच्या आधी घरात टर्पेंटाइनचा वास सुटे. जुनी बनियन फाडून केलेल्या चिंध्या, पितळी वाटीत थोडा थोडा घेतलेला रंग, आणि एका चौकटीला हात घातला की ती संपेपर्यंत कुणाशी बोलणं नाही.

त्यांची एक सवय होती. दारातून जाताना ते चौकटीवरून हात फिरवत. थांबत नसत, चालता चालता तळहात खांद्याच्या उंचीवरून खाली सरकत जाई. व्हार्निश कुठं मऊ पडलंय का, कुठं पापुद्रा सुटलाय का, हे त्यातून कळतं, असं ते सांगत. आईला ही सवय ठाऊक होती आणि ती पाहुण्यांसमोर बोलून दाखवी. "सागवान भाग्याचं बघा. माझ्या गालावरून इतक्या वर्षांत कधी असा हात फिरला नाही."

"गालाला व्हार्निश करता येत नाही," वडील म्हणत.

आई गेली, व्हार्निश करणं थांबलं, हात फिरवणं राहिलं. ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याकडे कुणी पाहत नसे.

काम आम्हीच करायचं, असं वडिलांनी ठरवलं. रंगारी आला की वरवर घासून ऑइलपेंट मारून जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळं सालीसारखं निघेल, असं त्यांचं म्हणणं होतं. "व्हार्निशवर रंग बसत नाही," ते म्हणाले. "काचेवर पाणी टाकल्यासारखं आहे ते. आधी त्याची चमक मारायला लागते." मी काम करायचं, त्यांनी खुर्ची टाकून बोळात बसायचं आणि सांगायचं. पावसाळा संपत आला तेव्हा सुरुवात झाली.

आधी धुणं. बादलीत गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि नारळाच्या काथ्यानं वरून खाली. चौकटींवर हाताचं तेल असतं, स्वयंपाकघराजवळ फोडणीचा चिकटा असतो, उदबत्तीची काजळी असते. हे सगळं निघाल्याशिवाय घासायला घेतलं तर तो मळ लाकडात जिरतो. बोळात चार दारं होती: स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर आणि परसदार. शेवटची दोन शेजारी शेजारी. न्हाणीघराचं पाणी काळपट निघालं, झोपायच्या खोलीचंही. स्वयंपाकघराच्या चौकटीचा खालचा भाग घासला तेव्हा निघालेलं पाणी वेगळं होतं.

वडिलांना फरशीवरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. "कसं निघतंय?"

"पिवळं."

शेजारच्या तेलुगू बायकांचं बघून आई सणासुदीला उंबऱ्याला हळद लावत असे, आणि ती हळद चौकटीच्या पायाला चढे. व्हार्निश खराब होतं म्हणून यावरून दोघांचं दरवर्षी वाजायचं.

"एवढी वर्षं राहिली का ती," वडील म्हणाले. मग म्हणाले, "बादली झाडाला ओतू नको. सोडा आहे त्यात."

धुतलेल्या चौकटी आठवडाभर वाळू दिल्या. नंतरच्या सुट्टीला झोपायच्या खोलीच्या चौकटीवर, खाली कोपऱ्यात, पांढऱ्या रंगाचा एक हात मारून पाहिला. हेही त्यांनीच सांगितलं होतं. पुढच्या वेळेपर्यंत त्या पांढऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग उमटला होता.

"वर आला ना?" वडील म्हणाले. "येणारच. लाकडाचा रंग नाही तो, माझा आहे. व्हार्निशात मिसळायचो मी. तो खालून येत राहतो."

त्यावर उपाय चपड्याचा. लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचा एक हात द्यायचा. खालचा रंग खाली राहतो. पण चपड्याच्या आधी घासणं होतं, आणि तेच खरं काम होतं. पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून रेषेच्या दिशेनं घासायचं. गोलाईच्या पट्ट्यांना ठोकळा चालत नाही, तिथे कागद बोटांना गुंडाळायचा. लाकूड उघडं पाडायचं नाही, फक्त चमक जायला हवी. चमक गेली की नाही हे मी डोळ्यांनी पाहत होतो. वडील खुर्चीतून उठत, दोन बोटं चौकटीवर ठेवत आणि हळूहळू खाली नेत.

"इथं अजून आहे."

"नाही नाना, सगळं मेलंय. मंद दिसतंय."

"दिसत असेल. बोट घसरतंय."

तिथे पुन्हा कागद मारला की भुकटी निघे. तपकिरी, पिठासारखी बारीक भुकटी. ती फरशीवर, बादलीच्या कडांवर, वडिलांच्या धोतरावर बसत होती. प्रत्येक सुट्टीला थोडी थोडी चौकट फिकी पडत गेली, आणि ते नाकाला रुमाल लावून बसून राहिले. त्यांना वाईट वाटत असेल असं समजून एकदा मी विचारलं, थांबायचं का? अजून दोन दारं तशीच आहेत.

"कामून थांबायचं?" ते म्हणाले. "मला इथं राहायचंय."

समोरच्या घरात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहत. वडिलांचे चहाचे सोबती. घासण्याचा आवाज ऐकून ते एका सकाळी आत आले आणि बोळाच्या तोंडाशी उभे राहिले.

"क्या मियाँ, सागवान कू सफेदा मारते? हौले हो गए क्या?"

"आँखाँ गए ना मास्टर साब," वडील म्हणाले. "अब सागवान क्या, बबूल क्या."

"तो चश्मा बदलो. चौखट का क्या कसूर?"

"चौखट मारी ना मेरे कू. माथा नै देखे?"

"मारी तो मारी. भाभी भी इत्ते साल सुनाते रहे तुमना. उनो कू सफेदा मारे क्या?"

वडील इतके हसले की भुकटी घशात जाऊन त्यांना ठसका लागला. मास्टरसाहेबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. मग त्यांनी घासलेल्या चौकटीवर हात ठेवला, तसाच काही वेळ ठेवला आणि हात झटकून आपल्या घरी गेले. काम संपेपर्यंत ते पुन्हा आत आले नाहीत. चहा दारातूनच मागत.

घासून झाल्यावर लाकडावरचे सगळे बारीकसारीक खड्डे उघडे दिसू लागले. व्हार्निशाखाली ते झाकलेले होते असं नाही, पण तपकिरीत तपकिरी खड्डा नजरेत येत नव्हता. परसदाराच्या चौकटीला डाव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, एक मोठा टवका होता. आईचं लोखंडी कपाट घरात आणताना हमालांच्या हातून बसलेला. न्हाणीघराच्या चौकटीला जुनी कडी काढल्यावर राहिलेली भोकं होती. झोपायच्या खोलीच्या चौकटीवर एक उभी भेग होती, बोटभर लांब. स्वयंपाकघराच्या चौकटीला तोरणाचे खिळे ठोकून ठोकून वरचा भाग खवल्यासारखा झाला होता, आणि खाली, कमरेच्या उंचीवर, विळी टेकवून ठेवायच्या जागी एक खाच पडली होती.

मी विचारलं, हे सगळं भरायचं का? रंगानंतर खड्डे कुणाला दिसणार आहेत?

वडिलांना हा प्रश्न आवडला नाही. "खड्डे ठेवून वरून रंग? भाड्याचं घर आहे का हे?" ते म्हणाले. "लप्पम आण."

लप्पम म्हणजे भेगा भरायची पुट्टी. बाकीचे मराठी लोक त्याला लांबी म्हणतात. वडील हैदराबादेतच घर बांधायला शिकल्यामुळे लप्पमच म्हणत. पत्र्याच्या पातळ पात्यानं ते खड्ड्यात दाबायचं, वर थोडं उंच ठेवायचं, वाळलं की घासून लाकडाच्या पातळीला आणायचं. एका भरण्यात ते आकसतं, म्हणून पुन्हा भरायचं. हे काम वडिलांनी सर्वांत बारकाईनं करून घेतलं. टवका भरून घासून झाला की ते बोटं फिरवत आणि म्हणत, "लागतोय अजून." पुन्हा भरून पुन्हा घासला. शेवटी एका दुपारी त्यांनी परसदाराच्या चौकटीवरून वरपासून खालपर्यंत तळहात नेला, पुन्हा वर नेला, आणि म्हणाले, "आता कळत नाही कुठं होता."

त्यांचा चेहरा समाधानी होता. मीही समाधानी होतो.

मग चपड्याचा हात, ओल्या फडक्यानं पुसणं, प्रायमर, त्यावर हलका कागद, आणि पांढऱ्याचे दोन हात. दसरा होऊन गेला होता. रंग वाळला त्या दिवशी वडील बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. बोळात दिवसाही पिवळा बल्ब लावावा लागे.

"दिसतात," ते म्हणाले. "दार किती ते कळतंय."

ते चालत गेले आणि परत आले. खांदा लागला नाही. कपाळ लागलं नाही. दवाखान्यातल्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं. मी बहिणीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बघते आल्यावर."

त्यानंतरच्या सुट्टीला स्वयंपाकाच्या बाई मला दारातच भेटल्या. त्यांनी आवाज न करता हातानं खूण करून बाजूला बोलावलं. "पेद्दायना आता मला विचारतात," त्या म्हणाल्या. वडिलांना त्या तेलुगूत पेद्दायना, म्हणजे थोरले, म्हणत. "मोरी कुठली, म्हणून. आधी कधी विचारत नव्हते." नजर आणखी गेली असेल, असं मला वाटलं. डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब पाहिला, नजरेची तपासणी केली. उन्हाळ्यात होतं तेवढंच आहे, ते म्हणाले. बदल नाही.

बदल नव्हता, आणि धडकणं थांबून विचारणं सुरू झालं होतं. ते का, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी बहीण आली. तिनं चौकटी पाहिल्या, मला म्हणाली, "छान केलंस रे," आणि आईच्या फोटोला हार घातला. ती वडिलांवर लक्ष ठेवून आहे हे वडिलांना माहीत होतं. ते सकाळपासून ताठ चालत होते. समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेले, खारे शंकरपाळे चाखले, मीठ कमी म्हणाले, परत आले. कुठं लागलं नाही. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

दुपारी जेवण झाल्यावर ते हात धुवायला उठले. बहीण त्यांच्या मागे होती, ताटं घेऊन. मी समोरच्या खोलीत होतो. मला ताटांचा आवाज ऐकू आला.

बोळात गेलो तेव्हा परसदार उघडं होतं. वडील दारात उभे होते, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, हवेत. बाहेर शहाबादीच्या पायऱ्या थेट खाली उतरतात. बहिणीनं मागून त्यांच्या सदऱ्याची पाठ दोन्ही मुठींत धरली होती. ताटं फरशीवर होती.

"नाना, ही मोरी नाही."

"कळलं," ते म्हणाले. "वारा लागला."

त्यांनी पाय आत घेतला. बहिणीनं सदरा सोडला नाही. ते वळले आणि त्यांनी परसदाराच्या चौकटीवर डावा हात ठेवला, छातीच्या उंचीवर. हात तिथून हलेना.

"इथं टवका होता," ते म्हणाले.

"भरला ना आपण," मी म्हणालो.

सदरा बहिणीच्या मुठीत तसाच ठेवून ते शेजारच्या दाराकडे सरकले आणि तिथल्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथं कडीची भोकं." पुढच्या दाराला. "इथं भेग." स्वयंपाकघराच्या दाराला हात खाली कमरेजवळ नेला. "इथं विळीची खाच." प्रत्येक ठिकाणी बोट नेमक्या जागी होतं. मला ते माहीत होतं, कारण ते सगळे खड्डे मी भरले होते. आता सगळीकडे तेच गुळगुळीत पांढरं होतं.

"मला वाटायचं मी बघून जातो," वडील म्हणाले.

बहिणीनं त्यांना आणून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. तिनं दोन तिकिटांचा विषय काढला नाही. संध्याकाळी पणत्या लावताना ती मला म्हणाली, परसदाराला कुलूप लावता येईल, दारांना वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्या बांधता येतील, काहीतरी करता येईल. ती हे सगळं म्हणत होती आणि रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पटाशी आणि हातोडी काढली. टवका कुठं होता हे मला आठवत होतं. चपडा देताना लप्पमची जागा लाकडापेक्षा फिकी दिसली होती. पांढऱ्या रंगातून, प्रायमरमधून, लप्पममधून पटाशी लाकडापर्यंत गेली. पांढरे तुकडे आणि खाली तपकिरी. खड्डा झाल्यावर मी वडिलांना बोलावलं. त्यांनी हात ठेवला.

"जास्त खोल झाला."

मी कडा थोड्या तासल्या.

"खालची कड अशी नव्हती. तिथं बोट आत जायचं आणि वरच्या अंगाला अडकायचं." त्यांनी बोट फिरवून दाखवलं. "आणि गुळगुळीत झालेला होता तो. हात लागून लागून."

मी पॉलिश पेपरनं आतून घासायला घेतलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"होईल नाना. थोडा वेळ लागेल. बाकीच्या दारांनाही करता येतील. वेगळ्या खुणा केल्या तरी—"

"खुणेचा प्रश्न नाही," वडील म्हणाले. ते शांतपणे, कुणाला तरी माहिती द्यावी तसं बोलत होते. "तुम्ही दोघं म्हणत होता दिसत नाही. मी म्हणत होतो दिसतंय. मी काही खोटं बोलत नव्हतो. मला खरंच वाटत होतं. आता कळलं ना, की बोळात कुठलं दार कुठलं हे मला दिसतच नव्हतं. इतके दिवस हातच चालला. हे कळल्यावर इथं पाऊल कसं टाकायचं?"

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे चेहरा नसतानाही ते तिला म्हणाले, "तिकिटं काढ."

पुण्याची गाडी सिकंदराबादहून होती. निघताना मास्टरसाहेब गल्लीच्या तोंडापर्यंत आले. वडिलांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "मैं चाय किसके साथ पियूँ, बोलो ना," ते म्हणाले. वडील म्हणाले, "चौखटाँ सफेद हैं, देखने कू आते रहना."

फलाटावर बहीण सामान लावत असताना वडिलांनी मला जवळ बोलावलं. काहीतरी सांगायचं होतं.

"तो खड्डा उघडा आहे," ते म्हणाले. "उघडं लाकूड तसं ठेवायचं नाही. पाऊस त्याच दाराला लागतो. पाणी आत गेलं की खालून कुजतं. लप्पम भर, घास, प्रायमर मार, मग पांढरा."

"मारतो."

"वाळू दे नीट. घाई करू नको."

पुण्याच्या घरात न्हाणीघराची चौकट ग्रॅनाइटची आहे, बाकीच्या लाकडाच्या. बहीण फोनवर सांगते की न्हाणीघर ते हात लावून ओळखतात, गार लागतं म्हणून. बाकीची दारं विचारतात. ते तक्रार करत नाहीत. चालताना चौकटींवरून हात मात्र आता फिरवत नाहीत. हात बहिणीच्या खांद्यावर असतो.

त्यांनी फोनवर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, ते काम झालं का. बरेच दिवस मी होईल म्हणत राहिलो. उन्हाळा संपत आला, आभाळ भरून यायला लागलं, तेव्हा एका सुट्टीला मलकपेठला गेलो, कुलूप काढलं, बोळातला दिवा लावला. परसदाराच्या चौकटीवरचा तो खड्डा तसाच होता. मी त्यात एकदा बोट घातलं. ते वरच्या अंगाला अडकलं नाही. मग लप्पम भरलं, आकसलं, पुन्हा भरलं. वाळल्यावर कागद मारला आणि दोन बोटांनी तपासलं. लागत होतं. आणखी घासलं. कळेनासं होईपर्यंत घासलं.